पारणे नसलेला उपवास : बारामती-इंदापूर परिसरातील आहारविकार आणि उपचारांची वाट

आहारविकार हा मनाचा आजार आहे; पण तो ताटात दिसतो आणि शरीरावर उमटतो. घरात अन्न असते, वाढणारे हात असतात, तरीही एखादी मुलगी दिवसेंदिवस अर्ध्या भाकरीवर राहते. एखादा मुलगा घर झोपल्यावर डबे उघडतो, पोट दुखेपर्यंत खातो आणि सकाळी कोणाच्या नजरेला नजर देत नाही. एखादी नवी सून जेवल्याबरोबर मोरीकडे जाते आणि परतताना तिचे डोळे लाल असतात. अशा वागण्याला घरात हट्ट, नखरे, हावरटपणा किंवा पित्त म्हटले जाते. वैद्यकशास्त्र त्याला आजार मानते आणि त्यावर उपचार करता येतात. हे उपचार पुणे जिल्ह्याच्या पूर्व टोकाला असलेल्या बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील माणसापर्यंत कसे पोहोचावेत, हा पदव्युत्तर संशोधनाला आव्हान देणारा विषय आहे. मानसशास्त्र, समाजकार्य, आहारशास्त्र किंवा सामाजिक वैद्यक यांपैकी कोणत्याही शाखेतून त्याकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याला आधी विकार, मग माणसे आणि त्यानंतर उपचारांची व्यवस्था, या क्रमाने तो समजून घ्यावा लागतो.

विकारांचे स्वरूप

आहारविकारांत चार प्रकार प्रमुख आहेत. ॲनोरेक्सिया नर्वोसामध्ये व्यक्ती खाणे इतके कमी करते की वजन धोकादायक पातळीपर्यंत उतरते, आणि तरीही तिला त्यातला धोका पटत नाही. बुलिमिया नर्वोसामध्ये थोड्या वेळात, ताबा सुटल्यासारखे भरमसाट खाल्ले जाते आणि मग उलटी, जुलाबाची औषधे, कडक उपास किंवा अति व्यायाम यांनी ते ‘फेडण्याचा’ प्रयत्न होतो. अतिभक्षण विकारात ताबा सुटून खाणे असते, त्यामागून येणारी शरम असते, पण फेडण्याचा प्रयत्न नसतो. चौथ्या प्रकारात अन्नाचा वास, पोत किंवा ठसका लागण्याची भीती यांमुळे खाणे टाळले जाते. तिथे वजनाची चिंता मुळात नसतेच. लहान मुलांत हा प्रकार विशेष आढळतो.

हे विकार आजकालच्या मोबाइलची देणगी आहेत, हा समज चुकीचा आहे. इंग्रज वैद्य रिचर्ड मॉर्टन यांनी १६८९ मध्ये अन्न सोडून खंगत गेलेल्या रुग्णांचे वर्णन केले होते. १८७३ मध्ये लंडनचे विल्यम गल आणि पॅरिसचे शार्ल लासेग यांनी स्वतंत्रपणे या विकाराची मांडणी केली. अतिभक्षणाचे वर्णन अल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९५९ मध्ये केले, तर जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये बुलिमियाला स्वतंत्र ओळख दिली. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदान-पुस्तिकेच्या २०१३ मधील पाचव्या आवृत्तीने अतिभक्षण विकाराला स्वतंत्र स्थान दिले आणि ॲनोरेक्सियाच्या निदानासाठी पाळी बंद झालेली असावी ही अट काढून टाकली. त्यामुळे पुरुष, लहान मुली आणि पाळी सुरू असलेल्या स्त्रियाही निदानाच्या कक्षेत नीट आल्या.

मानसिक आजारांमध्ये ॲनोरेक्सियाचा मृत्युदर सर्वाधिकांपैकी एक आहे. २०११ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या अंदाजानुसार या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण त्याच वयाच्या इतरांच्या जवळजवळ सहापट होते आणि दर पाच मृत्यूंमागे सुमारे एक आत्महत्येचा होता. वारंवार उलट्यांनी शरीरातील पोटॅशियम घटते आणि हृदयाची लय बिघडू शकते. वजन ‘ठीक’ दिसणाऱ्या रुग्णालाही हा धोका असतो.

उपासमारीने मनाचे काय होते, याचा पुरावा अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातल्या एका प्रयोगातून मिळाला. १९४४-४५ मध्ये ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना त्यांच्या संमतीने सहा महिने अर्धपोटी ठेवले. या तरुणांना आधी कोणताही आहारविकार नव्हता. तरीही ते चिडचिडे आणि उदास झाले, माणसांपासून दूर गेले, पाककृतींची पुस्तके वाचू लागले, एकेक घास तासन्‌तास चिवडू लागले. काहींचा पुढे खाण्यावरचा ताबा सुटला. म्हणजे ज्याला घरचे ‘स्वभाव बदलला’ म्हणतात, त्यातले बरेचसे उपासमारीनेच घडवलेले असते. उपाशी मेंदूला नुसता उपदेश लागू पडत नाही. उपचारांची पहिली पायरी अन्न असते, ती यामुळेच.

उपवास आणि विकार

बारामती-इंदापूर हा वारीच्या वाटेवरचा मुलूख आहे. आषाढात तुकाराम महाराजांची पालखी बारामती, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर आणि सराटी या गावांतून पंढरपूरकडे जाते. बेलवाडीला रिंगण होते. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार, हरतालिका, नवरात्राचे नऊ दिवस, मार्गशीर्षातले गुरुवार असे उपवास घराघरांत होतात. त्यांना आजार म्हणणे ही अज्ञानाची खूण ठरेल. पण या उपवासांच्या आडोशाला विकार लपू शकतो, हे न पाहणेही तितकेच घातक आहे.

दोहोंतला फरक ओळखण्याची खूण परंपरेनेच दिली आहे. व्रताच्या उपवासाला तिथी असते, सोबत असते आणि शेवटी पारणे असते. उपवास सोडताना घरात समाधान असते. आजारी, गरोदर आणि लहान यांना व्रतातून सूट असते. विकारातल्या उपवासाला तिथी नसते. तो एकट्याने आणि लपवून चालतो, आणि खाण्याची वेळ आली की समाधानाच्या जागी धास्ती येते. त्याला पारणेच नसते. एखाद्या मुलीच्या उपवासांची संख्या अचानक वाढली, उपवासाची खिचडीही ती टाळू लागली, दुसऱ्या दिवशीही जेवायला बसेना, तर तिच्या भक्तीचे कौतुक थांबवून तिची विचारपूस करायला हवी.

दुसरी अडचण जेवणाच्या रिवाजाची आहे. अनेक घरांत आधी पुरुष आणि मुले जेवतात आणि बाई शेवटी, उरलेल्यावर जेवते. तिने काय खाल्ले, किती खाल्ले, हे कोणी पाहिलेले नसते. त्यामुळे घरातल्या सर्वांचे ताट वाढणाऱ्या बाईचा विकार सर्वांत उशिरा लक्षात येतो.

भारतातील अभ्यासांनी काय दाखवले

पाश्चात्त्य प्रश्नावल्या भारतात जशाच्या तशा चालत नाहीत, हे मायकेल किंग आणि दिनेश भुग्रा यांनी १९८९ मध्ये दाखवून दिले. उत्तर भारतातील शाळकरी मुलींना त्यांनी खाण्याच्या सवयींची प्रसिद्ध प्रश्नावली दिली. अनेक मुलींचे गुण धोक्याच्या पातळीवर गेले. पण बारकाईने पाहता काही प्रश्नांना त्यांनी धार्मिक आणि सांस्कृतिक अर्थाने उत्तरे दिली होती. १९९५ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील खंडेलवाल आणि सहकाऱ्यांनी पाच तरुणींची प्रकरणे प्रसिद्ध केली. त्यांच्यात अन्न नाकारणे, सततच्या उलट्या, घटलेले वजन आणि बंद झालेली पाळी होती. मात्र आपण जाड आहोत अशी पाश्चात्त्य वर्णनातली ठाम समजूत नव्हती. हाँगकाँगमध्ये सिंग ली यांनाही जाडीची भीती नसलेले असेच रुग्ण आढळले होते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील मुलांच्या मनोविकार विभागातून २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मानसिक कारणाने होणाऱ्या उलट्या हा सर्वाधिक आढळणारा प्रकार होता. पुढे बंगळूरुतील मनोविकारतज्ज्ञांच्या पाहणीत सुमारे दोन तृतीयांश तज्ज्ञांनी असे रुग्ण पाहिल्याचे सांगितले.

या अभ्यासांचा ग्रामीण महाराष्ट्रासाठी अर्थ सरळ आहे. इथली रुग्ण डॉक्टरांसमोर बसून ‘मला जाड व्हायची भीती वाटते’ असे म्हणेलच असे नाही. ती म्हणते, ‘अन्नावर वासना नाही’, ‘जेवण वर येतं’, ‘पोट फुगतं’, ‘खाल्लेलं अंगाला लागत नाही’. आई म्हणते, ‘पोरगी पार वाळली’. हीच इथल्या विकाराची बोली आहे. ती ज्याला कळेल, त्यालाच रुग्ण सापडेल.

समाज बदलतो तशी ही बोलीही बदलते. फिजी बेटांवरील नाड्रोगा भागात १९९५ मध्ये दूरचित्रवाणी पोहोचली. ॲन बेकर यांनी त्यानंतर लगेच आणि पुन्हा १९९८ मध्ये तिथल्या किशोरवयीन मुलींची पाहणी केली. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी उलटी करणारी एकही मुलगी पहिल्या पाहणीत नव्हती; दुसऱ्या पाहणीत हे प्रमाण ११.३ टक्के होते. भरलेल्या अंगाला मान देणारा समाज तीन वर्षांत इतका हलला. ज्या गावांत ऊस, दूध आणि शिक्षणाबरोबर हातोहाती मोबाइल आला, त्या गावांनी या अभ्यासाकडे दूर देशातली गोष्ट म्हणून पाहू नये.

दोन तालुके, अनेक ताटे

२०११ च्या जनगणनेनुसार बारामती आणि इंदापूर तालुक्यांत मिळून आठ लाखांहून अधिक लोक राहत होते. नीरा डाव्या कालव्याचा बागायती पट्टा, सुपे-मोरगावकडचा जिरायती भाग, उजनीच्या पाणलोटाकाठची भिगवणसारखी मासेमारीची गावे, माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगरचे साखर कारखाने, बारामतीची औद्योगिक वसाहत आणि मोठी महाविद्यालये असे वेगवेगळे जगणे इथे शेजारी शेजारी नांदते. त्यामुळे एकाच साच्यातला रुग्ण शोधून भागत नाही.

वसतिगृहात राहणाऱ्या मुलीचे जेवण घरच्यांच्या नजरेआड असते. लग्नाच्या बाजारात बायोडाटावर उंची आणि रंग छापलेले असतात आणि ‘जरा बारीक हो’ हा सल्ला पाहुण्यांकडूनही मिळतो. तालमीतला पैलवान स्पर्धेच्या वजनगटात बसण्यासाठी वजन तोडतो, म्हणजे थोड्या दिवसांत खाणे-पाणी कमी करून वजन उतरवतो. खेळाडूंमधील खाण्याच्या बिघाडाचा अभ्यास जगभर झाला आहे आणि वजनगटांचे खेळ त्यात जोखमीचे मानले जातात. पोलीस आणि सैन्यभरतीची तयारी करणारी मुले-मुली पहाटे पळतात आणि उरलेला दिवस शरीर मोजण्यात घालवतात. इन्सुलिन घेणारी मधुमेही किशोरी वजनाच्या भीतीने इन्सुलिन चुकवू शकते, आणि ते जिवावर बेतते.

गरिबी या विकारापासून संरक्षण देते, हा समजही टिकत नाही. अमेरिकेतील टेक्सासमध्ये मोफत धान्य घेणाऱ्या लोकांत कॅरोलिन बेकर यांनी २०१७ मध्ये दाखवले की अन्नाची टंचाई जितकी तीव्र, तितके ताबा सुटून खाण्याचे प्रमाण अधिक. टंचाईनंतर अन्न हाती आले की शरीर भरपाई करू पाहते. गळीत हंगामात बीड-नगरकडून येणारी ऊसतोड कुटुंबे आणि जिरायती भागातले शेतमजूर यांच्याकडे संशोधकाने या प्रकाशात पाहायला हवे.

शरीराच्या मापांबाबतही सावध राहावे लागते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये आपलीच मापे शेजारी ठेवून प्रसिद्ध केली. दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होती. वजन-उंचीच्या एका आकड्यावरून भारतीय शरीराबद्दल निवाडा देता येत नाही. शिवाय राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. ज्या समाजात अशक्तपणा इतका सर्वसाधारण आहे, तिथे वेगाने बारीक होत जाणारी मुलगी गर्दीत हरवते. म्हणून आजच्या वजनापेक्षा वजनाची वाटचाल महत्त्वाची ठरते : ती सहा महिन्यांपूर्वी कशी होती आणि आता कशी आहे.

रुग्ण कुठे कुठे जाते

मनोविकारतज्ज्ञाच्या दारापर्यंत पोहोचण्याआधी रुग्ण अनेक दारे फिरते. पहिले दार देवघराचे आणि नजर काढण्याचे. मग मेडिकलच्या दुकानातली पित्ताची गोळी. मग गावातले फॅमिली डॉक्टर, टॉनिक आणि सलाईन. पाळी चुकली की स्त्रीरोगतज्ज्ञ, उलट्या थांबेनात की दुर्बिणीची तपासणी. यातली कोणतीच पायरी निव्वळ चूक नाही. क्षयरोग, थायरॉईडचे विकार, मधुमेह, आतड्यांचे आजार, गर्भारपण आणि नैराश्य यांतही वजन घटते किंवा खाणे सुटते आणि ते तपासावेच लागते. अडचण पुढे येते. सगळे रिपोर्ट ‘नॉर्मल’ आले की ‘हिला काही झालेले नाही’ असा निष्कर्ष निघतो आणि रुग्णाची फाईल बंद होते. प्रत्यक्षात तिथूनच खाण्याबद्दलचे प्रश्न सुरू व्हायला हवेत.

त्यासाठी पाच प्रश्नांची एक छोटी चाचणी १९९९ मध्ये लंडनमध्ये तयार झाली. पोट फार भरल्यासारखे वाटून स्वतःहून उलटी करता का; किती खाल्ले यावरचा ताबा सुटल्याची चिंता वाटते का; तीन महिन्यांत सुमारे सहा किलोंहून अधिक वजन घटले का; इतर बारीक म्हणत असताना स्वतःला जाड समजता का; आणि अन्नाने आयुष्य व्यापले आहे असे वाटते का. दोन किंवा अधिक उत्तरे ‘हो’ आली तर सविस्तर तपासणी करावी. साध्या दवाखान्यात दोन मिनिटांत हे विचारता येते. मात्र ज्या रुग्णाला जाडीची भीतीच नाही, तिच्यासाठी चौथा प्रश्न निरुपयोगी ठरतो. तिथे ‘जेवायची वेळ झाली की काय वाटते?’ असा मोकळा प्रश्न अधिक काही सांगून जातो.

उपचार : काय चालते

किशोरवयीन ॲनोरेक्सियासाठी सर्वाधिक पुरावा कुटुंबाधारित उपचाराचा आहे. लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात १९८० च्या दशकात तो आकाराला आला. त्यात आई-वडिलांना दोष दिला जात नाही. उलट मुलीला पुन्हा खाते करण्याची जबाबदारी त्यांच्याच हाती सोपवली जाते. पहिल्या टप्प्यात काय आणि किती खायचे हे पालक ठरवतात आणि प्रत्येक जेवणाला सोबत बसतात. दुसऱ्यात हा अधिकार हळूहळू मुलीकडे परत जातो. तिसऱ्यात तिच्या वयाच्या इतर प्रश्नांकडे लक्ष वळते. अमेरिकेत १२१ किशोरवयीन रुग्णांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत, उपचार संपल्यावर एका वर्षाने कुटुंबाधारित उपचार घेतलेल्यांपैकी ४९ टक्के पूर्ण बऱ्या स्थितीत होते; वैयक्तिक उपचार घेतलेल्यांत हे प्रमाण २३ टक्के होते.

या उपचाराचे मुख्य साधन स्वयंपाकघर आहे, आणि ते बारामती-इंदापुरात घरोघरी आहे. एकत्र कुटुंबात आजी, काकू, मोठी बहीण असे सोबतीला बसणारे अनेक असतात. पण हेच कुटुंब टोमण्यांचेही घर असू शकते, आणि निर्णय सासऱ्याच्या किंवा थोरल्या भावाच्या हाती असू शकतो. मॉड्सलीतल्या उपचारात आई-वडील दोघे निर्णय घेतात असे गृहीत आहे. इथे ताटाशेजारी कोण बसेल आणि कोणाचा शब्द चालेल, हे प्रत्येक घरात आधी शोधावे लागते. नव्या सुनेच्या बाबतीत ही सोबत सासरची असावी की माहेरची, हाही उपचाराचाच प्रश्न होतो.

प्रौढांतील बुलिमिया आणि अतिभक्षणासाठी ऑक्सफर्डच्या क्रिस्टोफर फेअरबर्न यांनी विकसित केलेली बोधात्मक वर्तनोपचार पद्धती प्रमाण मानली जाते. वजन फार घटलेले नसेल तर त्यात साधारण २० आठवड्यांत २० बैठका होतात. ब्रिटनच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी प्रौढांसाठी त्याआधीची पायरी म्हणून मार्गदर्शित स्वयंसाहाय्य सुचवले आहे. रुग्ण एका पुस्तिकेच्या आधारे नियमित जेवणाची वेळ बसवते, नोंदवही ठेवते आणि मदतनीसाशी थोडक्यात, ठरावीक वेळी बोलते. बुलिमियात फ्लुओक्सेटिन हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली उपयोगी पडते. ॲनोरेक्सियात मात्र कोणतेही औषध अन्नाची जागा घेऊ शकत नाही.

एक धोका प्रत्येक डॉक्टरला आणि घरच्यांना माहीत हवा. फार काळ उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम भरपूर अन्न किंवा साखरेचे सलाईन गेले तर रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने घटून प्राण जाऊ शकतो. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटका झालेल्या उपाशी कैद्यांत हे दिसले होते. अशा रुग्णाला आधी थायमिन देऊन, रक्ततपासण्या करत, आहार टप्प्याटप्प्याने वाढवावा लागतो. अशक्तपणा दिसला की सलाईन लावण्याची सवय इथे जिवाला धोका करू शकते. भोवळ, फार मंद नाडी, छातीत धडधड, रक्तात कमी पोटॅशियम किंवा आत्महत्येचे विचार असतील तर रुग्णाला तातडीने दाखल करणे आवश्यक असते.

चार हजार किलोमीटर

बारामतीहून पुणे सुमारे १०० किलोमीटर आहे. आठवड्याला एक याप्रमाणे २० बैठकांसाठी पुण्याला जायचे तर येण्याजाण्याचा प्रवास सुमारे ४,००० किलोमीटर होतो. इंदापूरहून त्याहून बराच जास्त. एसटीचे भाडे, बुडालेली मजुरी, सोबत येणाऱ्याचा दिवस आणि ‘दर आठवड्याला पोरीला कुठे नेता?’ या शेजाऱ्यांच्या प्रश्नाचे उत्तर हे सगळे त्यात धरायचे. त्यातच पुणे जिल्ह्यात ‘येरवडा’ हे गावाचे नाव वेडाचा समानार्थी शब्द म्हणून वापरले जाते, आणि मनाच्या डॉक्टरकडे जाणे म्हणजे लग्न मोडणे, अशी भीती असते.

तज्ज्ञांची संख्या हा दुसरा अडसर आहे. भारतात दर लाख लोकांमागे एकही मनोविकारतज्ज्ञ पूर्ण नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक आजारांसाठी उपचारांपासून वंचित राहणाऱ्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के आढळले. दुसऱ्या बाजूला हक्क कागदावर आहेत. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सरकारी सेवेचा हक्क देतो आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच संरक्षण द्यावे असे सांगतो. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून आहे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातून सरकारी रुग्णालयांत किशोरांसाठी मैत्री क्लिनिक चालतात. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही मोफत दूरध्वनी सेवा मराठीतही मिळते. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आशाताई आणि अंगणवाडी सेविका गावोगाव आहेत.

तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षित माणसांकडून मानसिक उपचार देता येतात, हे याच भूमीत सिद्ध झाले आहे. १९९६ मध्ये गोव्यात स्थापन झालेल्या ‘संगथ’ने प्राथमिक आरोग्य केंद्रांत स्थानिक समुपदेशकांकडून नैराश्यावरचे उपचार यशस्वीपणे दिले. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने केलेल्या कामानंतर नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातील मानसिक आरोग्य केंद्राने ‘आत्मीयता’ उपक्रमातून नाशिक जिल्ह्यात गावातल्याच स्वयंसेवकांना आधार देण्याचे काम शिकवले.

आहारविकारांना या प्रारूपांत थोडी भर लागते, कारण इथे शरीर सतत तपासावे लागते. पायऱ्या अशा असू शकतात : शाळा, वसतिगृह, तालीम आणि आशाताई यांच्या पातळीवर ओळख, प्राथमिक आरोग्य केंद्रात वजन, नाडी, रक्तदाब आणि साध्या रक्ततपासण्या, प्रशिक्षित समुपदेशकाकडून कुटुंबाला मार्गदर्शन किंवा मार्गदर्शित स्वयंसाहाय्य, उपजिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकारतज्ज्ञ, गरजेनुसार फोन किंवा व्हिडिओवरून पुण्याच्या तज्ज्ञाचा सल्ला, आणि अतिगंभीर रुग्णासाठीच पुण्याला दाखल होणे. अशा रचनेत लांबचा प्रवास शेवटच्या पायरीपुरता उरतो.

संशोधनाची आखणी

एका विद्यार्थ्याच्या हातात दोन-तीन वर्षे आणि मोजकी साधने असतात. त्यामुळे मर्यादित आणि नेमका प्रश्न निवडणे हिताचे ठरते. डॉक्टरांच्या आणि बऱ्या झालेल्या रुग्णांच्या मुलाखतींतून उपचारापर्यंतची वाट नोंदवणे, एखादी प्रश्नावली मराठीत पारखून घेणे, किंवा काही कुटुंबांत स्वयंसाहाय्य पुस्तिकेची चाचणी घेणे, यांपैकी एक काम नीट झाले तरी पुढच्यांना पाया मिळतो.

प्रश्नावलीचे काम दिसते तितके सोपे नाही. १९८२ मध्ये डेव्हिड गार्नर आणि सहकाऱ्यांनी तयार केलेल्या २६ विधानांच्या प्रश्नावलीत, मी आणखी खावे असे इतरांना वाटते, या अर्थाचे एक विधान आहे. आग्रह करून वाढणाऱ्या मराठी घरात जवळजवळ प्रत्येकजण त्याला ‘नेहमी’ असे उत्तर देईल. अन्नाचे लहान तुकडे करण्याबद्दलचे विधान सुरी-काट्याच्या जेवणातून आले आहे. भाकरी मोडून खाणाऱ्याला त्याचा अर्थ लागणार नाही. ब्रेड, भात आणि बटाटा टाळण्याबद्दलच्या विधानाचे काय करायचे? एकादशीला भात चालत नाही आणि बटाटा चालतो. म्हणून भाषांतर, उलट भाषांतर आणि मग निमगाव केतकीच्या किंवा सुप्याच्या मुलींसमवेत बसून ‘या वाक्यातून तुला काय समजले?’ असे एकेक विधान पडताळणे अपरिहार्य आहे.

आकड्यांचा मोहही टाळावा लागतो. समजा, हजार मुलींत दहा जणींना विकार आहे आणि चाचणी शंभरपैकी ८५ आजारी व ९० निरोगी मुली बरोबर ओळखते. मग आठ-नऊ रुग्ण सापडतील आणि ९९ निरोगी मुलींवरही संशयाचा शिक्का बसेल. म्हणजे चाचणीत सापडलेल्या दर बारा-तेरा मुलींपैकी एकच खरी रुग्ण असेल. चाचणी ही मुलाखतीची पूर्वतयारी असते. तिच्या आधारे कोणत्याही मुलीला रुग्ण ठरवू नये, आणि तिचे गुण वर्गात जाहीर करू नयेत.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार अठरा वर्षांखालील मुलीसाठी पालकांची संमती लागते आणि तिची स्वतःची मान्यताही घेतली जाते. गाव लहान असते. ‘कारखान्याजवळच्या वस्तीवरची बारावीतली मुलगी’ एवढे लिहिले तरी ती ओळखू येते. म्हणून नोंदींतून ओळखीच्या खुणा काढून टाकाव्या लागतात. मुलींसमोर वजने मोठ्याने वाचू नयेत. वजन कमी करण्याच्या युक्त्या माहितीपत्रकात येऊ नयेत. आणि गंभीर रुग्ण आढळली तर तिला उपचारांपर्यंत नेण्याची व्यवस्था पहिला फॉर्म भरण्याआधीच तयार असावी.

अशा संशोधनाचे यश मोजण्याचे माप शोधनिबंधाच्या पानांत सापडत नाही. पहिले लक्षण दिसल्यापासून पहिला योग्य उपचार मिळेपर्यंत किती दिवस गेले, त्या काळात कुटुंबाने किती दारे पालथी घातली आणि किती पैसे खर्चले, आणि उपचारांनंतर मुलगी घरच्यांसोबत बसून न घाबरता जेवते का, या तीन प्रश्नांची उत्तरे ते माप ठरवतात. बारामती किंवा इंदापूरमधल्या एका जरी घरात हे दिवस कमी झाले आणि थांबलेले पारणे झाले, तरी या विषयावर घालवलेली वर्षे सार्थकी लागतात.